स्वॅग कशी बांधायची आणि स्वॅगमॅनची गोष्ट कशी सांगायची

आम्ही ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या बेंडिगोला राहायला आलो त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. मुलाच्या शाळेत 'जुन्या काळातलं माणूस होऊन या' असा एक दिवस होता आणि त्याने स्वॅगमॅन व्हायचं ठरवलं. स्वॅगमॅन म्हणजे पाठीवर स्वॅग, म्हणजे अंथरुणाची वळकटी, घेऊन कामाच्या शोधात पायी फिरणारा मजूर. मी चादरीत उशी गुंडाळून गाठोडं केलं, ते काठीच्या टोकाला बांधलं, टोपीच्या कडेला दोऱ्याने बाटल्यांची बुचं लटकवली आणि काजळाने दाढी काढली. पोरगा खुशीत अंगणात फिरत होता. कुंपणापलीकडे शेजारचे आजोबा टोमॅटोला पाणी घालत होते. उभं आयुष्य मेंढ्यांची लोकर कातरण्यात गेलेला माणूस. त्यांनी नळ बंद केला, बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "माझे वडील असे दिसत नव्हते."

त्या संध्याकाळी ते शेडमधून दोन चामडी पट्टे आणि एक काळी पडलेली बिली (चहा करायचा पत्र्याचा डबा) घेऊन आले, आमच्या हिरवळीवर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी पोराला खरी स्वॅग बांधायला शिकवली. त्यांचे वडील १९३२ मध्ये बायकोला आणि तान्ह्या मुलाला तिच्या माहेरी ठेवून काम शोधत गावोगाव पायी फिरले होते. ते तान्हं मूल म्हणजे हे आजोबा. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात कामगार संघटनांच्या सभासदांपैकी जवळपास ३० टक्के लोक बेकार होते. हे आकडे मी नंतर वाचले. त्या दिवशी मला एवढंच कळलं की ज्याला मी नाटकातलं सोंग समजत होते, तो कुणाचा तरी बाप होता.

तेव्हापासून दर मे महिन्यात मी इथल्या मराठी मुलांना एका दुपारी गोळा करते. स्वॅग बांधायची, ती घेऊन चालायचं, बिलीत चहा करायचा, डॅम्पर म्हणजे राखेतली जाड भाकर भाजायची आणि मग गोष्ट सांगायची. बऱ्याच आईबापांनी कृती विचारली, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते आहे. क्रम मात्र बदलू नका. गोष्ट शेवटी. खांद्यावर ओझं घेऊन चाललेली मुलं वेगळ्या कानांनी ऐकतात.

आधी काय काढून टाकायचं

काठी आणि तिच्या टोकाचं गाठोडं काढून टाका. ते चित्रांमधल्या अमेरिकन भटक्याचं आहे. महिनोन्‌महिने चालायचं असेल तर कुणी सगळं बिऱ्हाड काठीच्या टोकाला लावणार नाही, खांदा सोलून निघेल. बुचांची टोपीही नको, ती आता पर्यटकांच्या दुकानातली वस्तू झाली आहे. जुन्या छायाचित्रांत घामाने डागळलेली साधी फेल्ट हॅट दिसते. लाल गाल आणि विदूषकी दाढी तर नकोच.

बांधायला बसण्याआधी मुलांना एक चित्र दाखवा. फ्रेडरिक मॅककबिन या चित्रकाराने १८८९ मध्ये मेलबर्नजवळच्या झाडीत एक माणूस रंगवला. छोट्याशा विस्तवापाशी बसलाय, डोकं हाताला टेकलंय, विस्तवाकडे बघतोय. मूळ चित्र पर्थच्या कलादालनात आहे, पण इंटरनेटवर सहज मिळतं. मी काही समजावत नाही. फक्त विचारते, "हा कसला विचार करत असेल?" मागच्या वर्षी एक सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "उद्या कुठे जायचं याचा." झालं, मला पुढचं काम सोपं गेलं.

स्वॅग म्हणजे काय

वळकटी. मराठीत इतका नेमका शब्द असताना 'बेडरोल' म्हणायची गरज नाही. अंथरूण, पांघरूण, कपडे, जवळच्या चार वस्तू, सगळं एकात गुंडाळून पाठीवर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो, ते इथे अक्षरशः खरं होतं.

'स्वॅग' हा शब्द चोरांच्या बोलीतला. जेम्स हार्डी वॉक्स नावाच्या कैद्याने १८१२ मध्ये या बोलीतल्या शब्दांची यादी केली, त्यात तो आहे. गाठोडं हा एक अर्थ आणि लुटीचा माल हा दुसरा. इंग्लंडहून कैद्यांबरोबर आलेला शब्द पुढे प्रामाणिक मजुराच्या पाठीवर जाऊन बसला. वळकटीला आणखीही नावं होती. घोंगडी निळी असायची म्हणून 'ब्लूई'. निळ्यावर मळ कमी दिसतो. 'ड्रम' म्हणायचे, आणि 'मटिल्डा'सुद्धा. कामाच्या शोधात चालत राहणं म्हणजे 'वॉलबीच्या वाटेवर असणं', कारण वॉलबी हा छोटा कांगारू चाऱ्यामागे असाच भटकतो. ही नावं वळकटी बांधताना एकेक करून सांगा. यादी म्हणून सांगितली तर मुलं विसरतात.

सामान

कॅनव्हासचा किंवा जाड मांजरपाटाचा एक तुकडा, साधारण दोन मीटर लांब आणि १४० सेंटिमीटर रुंद. जुन्या तंबूचा तळ चालतो. दोन लोकरी ब्लँकेटं, शक्यतो राखाडी किंवा निळी. इथल्या ऑप शॉपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात, मे-जूनच्या सुमारास, इथली थंडी सुरू होताना, ती हमखास मिळतात. अॅक्रिलिकचं घेऊ नका. ते नीट दाबलं जात नाही, शिवाय विस्तवाची ठिणगी पडली तर वितळतं. दोन चामडी पट्टे, कमरेचे जुने पट्टेही उत्तम. खांद्यासाठी एक लांब टॉवेल. टॉवेल का, तर रुंद असतो, रुतत नाही आणि वाटेत ओढा लागला की तोंड पुसायलाही होतो. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी याच्या निम्म्या मापाचं कापड आणि एकच ब्लँकेट.

आत काय ठेवायचं, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण माणूस कळतो तो इथेच. एक जास्तीचा सदरा, एक पँट, मोजे. सुईदोरा. वस्तरा आणि साबणाचा तुकडा. दारात काम मागायला जायचं तर दाढी केलेली बरी. काड्यापेटी घट्ट झाकणाच्या डबीत, पावसापासून जपून. घरून आलेलं एखादं पत्र, एक फोटो. मी मुलांना घरूनच पत्र लिहून आणायला सांगते: बाबा किंवा आई लांब कामाला गेलेत असं समजून त्यांना लिही. ते पत्र सदऱ्याच्या घडीत ठेवायचं आणि संध्याकाळपर्यंत उघडायचं नाही.

लोकर कातरणारा असेल तर त्याची कात्री आत हवी. ती दोन लांब पात्यांची, एकाच पोलादी पट्टीची आणि हाताने दाबायची असते. धार जाऊ नये म्हणून मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेली. खरी कात्री मुलांच्या हाती देऊ नका, पुठ्ठ्याची करा. १८८८ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या डार्लिंग नदीकाठच्या डनलॉप स्टेशनवर पहिल्यांदा सगळ्या मेंढ्या यंत्राने कातरल्या गेल्या, तोवर हीच कात्री चालायची. स्टेशन म्हणजे इथे रेल्वेचं नव्हे, हजारो मेंढ्यांचा प्रचंड मळा. युनियनचं तिकीटही ठेवा, एका कागदावर मुलाचं नाव आणि वर्ष लिहून. लोकर कातरणाऱ्यांची संघटना १८८६ मध्ये बॅलरॅटला उभी राहिली. पुढे ते तिकीट खिशात असणं ही इभ्रतीची गोष्ट झाली.

वळकटी बांधणं

कोरडी, सपाट जागा बघा. कॅनव्हास अंथरा, अरुंद बाजू तुमच्या गुडघ्यांशी आणि लांबी समोर जाणारी. त्यावर ब्लँकेटं लांबीत दुमडून, एकावर एक, बरोबर मधोमध ठेवा. डावी-उजवीकडे कॅनव्हासची सव्वा वीत मोकळी राहिली पाहिजे आणि समोरच्या टोकाला हातभर. तो हातभर तुकडा विसरलात तर पुढचं सगळं फुकट, कारण पावसाचं पाणी अडवणार तोच.

आता तुमच्याजवळच्या कडेला, ब्लँकेटांवर, कपड्यांची एक आडवी ओळ लावा. कठीण वस्तू मधोमध आणि सदऱ्यात लपेटून, नाहीतर त्या पाठीला टोचतात. टोकांना मऊ कपडे. मग डाव्या-उजव्या बाजूंचा मोकळा कॅनव्हास आत दुमडून ब्लँकेटांवर घ्या. वळकटीची दोन्ही तोंडं बंद झाली.

आणि आता गुंडाळा. आजोबांनी पोराचा हात धरून शिकवलं ते असं: दोन्ही तळवे कपड्यांच्या ओळीवर, बोटं पलीकडे, आणि पहिला वेढा अगदी करकचून. पहिला वेढा सैल राहिला की शेवटपर्यंत वळकटी सैलच. प्रत्येक वेढ्यानंतर त्यावर गुडघा ठेवायचा, अंगाचं वजन द्यायचं, आतली हवा 'हुस्स' करून निघाली की पुढचा वेढा. घाई करायची नाही. मुलांना हा भाग फार आवडतो, दोघं-तिघं मिळून गुडघे टेकवतात. शेवटी तो हातभर मोकळा कॅनव्हास वरून ओढून घ्यायचा. ब्लँकेटची कड कुठूनही दिसता कामा नये.

दोन्ही टोकांपासून एकेक वीत सोडून पट्टे आवळा, दोन्ही बकलं एका रेषेत. खांद्याचा टॉवेल या पट्ट्यांखालून ओवून गाठ मारा. नंतर एका पट्ट्याने वळकटी उचलून जोरात हलवा. आत खडखडलं किंवा एखादं टोक लोंबलं, तर सोडा आणि पुन्हा बांधा. आमच्या पोराला त्या दिवशी चार वेळा सोडावी लागली. आजोबा एकदाही "चालेल" म्हणाले नाहीत. अंधारात, पावसात, थंडीने बधिर बोटांनी हेच करावं लागत असे, एवढंच म्हणाले.

उचलून चालणं

वळकटी पाठीवर तिरपी हवी: टॉवेल एका खांद्यावर, वळकटी दुसऱ्या बगलेखालून कमरेकडे उतरलेली. त्याच टॉवेलच्या पुढच्या बाजूला टकर बॅग बांधा. ही शिदोरीची पिशवी, साखरेच्या रिकाम्या पोत्याची. मागचं ओझं आणि पुढचं ओझं एकमेकांना तोलतात, हे मुलांना पिशवी काढून आणि लावून, दोन्हीकडून चालवून दाखवा. एका हातात बिली, दुसरा हात माश्या हाकायला मोकळा.

एक किलोमीटर पुरे. डांबरी रस्त्यावर नको, मातीच्या वाटेवर. अर्ध्या वाटेत कुणीतरी "अजून किती?" विचारतंच, तेव्हा हे सांगा: १८९२-९३ च्या उन्हाळ्यात लेखक हेन्री लॉसन बर्क या गावाहून क्वीन्सलँडच्या सीमेवरच्या हंगरफर्डपर्यंत अशीच वळकटी घेऊन चालत गेला आणि परत आला. जाताना दोनशे किलोमीटरहून जास्त, येताना पुन्हा तेवढंच. अंगाची लाही करणाऱ्या उन्हात.

मुक्कामाची जागा निवडताना एक पक्कं लक्षात ठेवा. नदीकाठच्या रेड गमच्या झाडाखाली बसायचं नाही, सावली कितीही छान वाटली तरी. वारा नसतानाही ही झाडं अचानक मोठाली फांदी टाकतात. आजोबांनी पोराला वळकटीच्याही आधी शिकवलं ते हे.

विस्तव आणि बिली

मी मे महिना धरते, कारण तोवर आमच्याकडचा वणव्याचा मोसम संपलेला असतो. संपूर्ण आगबंदीच्या दिवशी उघड्यावर विस्तव करायचाच नाही. घरच्या शेगडीवर चहा करा, गोष्ट तेवढीच चांगली होते. व्हिक्टोरियात वणव्याच्या मोसमात आगबंदी नसली तरी नियम आहेत: बांधलेली चूल किंवा निदान ३० सेंटिमीटर खोल खड्डा, भोवतालची तीन मीटर जागा साफ, वारा ताशी १० किलोमीटरहून कमी, आणि विस्तवापाशी सतत मोठं माणूस. मी हे मोसमाबाहेरही पाळते. दुसऱ्या राज्यांत असाल तर तिथले नियम बघा. सरपण घरून न्या. जंगलात पडलेल्या पोकळ ओंडक्यात कुणाचं तरी घर असतं.

बिली म्हणजे तारेची कडी लावलेला पत्र्याचा डबा. दोन लिटरची घ्या, पाऊण भरा. विस्तवाच्या जाळावर नव्हे, बाजूला ओढलेल्या निखाऱ्यांवर ठेवा. पाण्यावर आडवी एक सुकी काडी टाकली तर धुराचा वास कमी लागतो असं आजोबा म्हणतात, मी टाकते. पाणी खळखळलं की मूठभर चहापत्ती टाकायची, लगेच काठीने कडी उचलून बिली खाली घ्यायची आणि झाकण ठेवायचं. निलगिरीचं एखादं पान टाकायचं तर आत्ता, आणि एकच. दोन टाकली तर चहा औषधासारखा लागतो.

पत्ती तळाशी बसवायला स्वॅगमॅन बिली हात लांब करून गरागरा फिरवत असत. कडी मुठीत, हात सरळ, खांद्यापासून पूर्ण गोल, मध्ये थांबायचं नाही. मी गार पाण्याने सराव केल्याशिवाय कधीच फिरवत नाही आणि गरम चहा मुलांना तर मुळीच फिरवू देत नाही. काठीने बिलीच्या अंगावर दहा-बारा टिचक्या मारल्या तरी पत्ती बसते. ते काम मुलांचं. दूध नाही, साखर मात्र भरपूर.

डॅम्पर

तीन वाट्या मैदा, चिमूटभर मीठ, पाणी. जुना स्वॅगमॅन बऱ्याचदा एवढ्यावरच भागवत असे, पिठाच्या पोत्याच्या तोंडातच मळून. मुलांना दगडासारखी भाकर द्यायची नसेल तर सेल्फ-रेझिंग (बेकिंग पावडर घातलेलं) पीठ घ्या. कणीक पोळीइतकी मळू नका, जेमतेम एकत्र आली की थांबा. तीन बोटं जाडीचा गोल थापा. जाळ पूर्ण विझू द्या, निखारे बाजूला करा, गरम राखेत डॅम्पर ठेवा, वरून राख आणि थोडे निखारे. अर्ध्या तासाने काढून बोटाने ठोका. पोकळ आवाज आला की झाला. राख झटका आणि गरम असतानाच मोडा. वर गोल्डन सिरप. त्याला इकडे 'कॉकीज जॉय' म्हणतात, कॉकी म्हणजे छोटा शेतकरी.

विस्तव विझवताना पाणी ओता, माती नको. मातीखाली निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. हाताच्या पाठीला राख गार लागेपर्यंत तिथून हलायचं नाही.

गोष्ट

मुलं डॅम्पर खात असतात तेव्हा मी सुरुवात करते ती एका प्रश्नाने: हा माणूस चालत का होता?

कारण मेंढ्यांची लोकर वर्षातून एकदाच कातरतात. प्रत्येक स्टेशनला काही आठवडे पुष्कळ हात लागतात, मग एकही नाही. पुढचं स्टेशन कित्येक मैल लांब. देशाची श्रीमंती त्या लोकरीवर उभी होती आणि लोकर या चालणाऱ्या माणसांवर. १८९३ मध्ये बँका धडाधड बंद पडल्या तेव्हा वाटेवरची माणसं वाढली आणि काम आटलं. १९३० च्या मंदीत पुन्हा तेच झालं. तेव्हा फिरत्या बेकाराला पोलिस ठाण्यावर शिधा मिळे, पण एका गावात बसून राहिलं तर नाही. म्हणजे पोटासाठी चालत राहणं भाग. आजोबांच्या वडिलांनी असे दिवस काढले.

मग सनडाउनर सांगा. तो मुलांना आवडतो. दिवस मावळताना स्टेशनच्या दारात हजर व्हायचा: काम सांगायला उशीर झालेला, जेवायची वेळ मात्र झालेली. मालक कुरकुरत एक टमरेल पीठ द्यायचा. का द्यायचा? रीत होती म्हणून, पुढच्या मोसमात हेच हात लागणार होते म्हणून, आणि नाराज माणसाच्या खिशात काड्यापेटी असते व आपल्या आवारात सुकलेलं गवत असतं, हेही त्याला ठाऊक होतं म्हणून. मुलांना विचारा, तुम्ही मालक असता तर? आमच्याकडे यावर दर वर्षी वाद होतो आणि मी तो मिटवत नाही.

खऱ्या माणसाची गोष्ट हवी तर जोसेफ जेन्किन्स सांगा. वेल्समधला शेतकरी, घरी बायको-मुलं, वयाच्या ५१ व्या वर्षी सगळं सोडून १८६९ मध्ये मेलबर्नला उतरला. वळकटी उचलली आणि पंचवीस वर्षं व्हिक्टोरियात मजुरी केली. शेवटची बरीच वर्षं माल्डनमध्ये गटारं साफ करायचा. हे गाव आमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. दिवसभर राबून रात्री तो रोजनिशी लिहायचा. १८९४ मध्ये म्हातारा होऊन घरी परतला. त्याच्या वह्या आज मेलबर्नच्या राज्य ग्रंथालयात आहेत. मुलांना मी माल्डनच्या रस्त्याकडेची दगडी गटारं दाखवून आणली आहेत. "यातली काही त्याने साफ केली असतील," म्हटल्यावर ती वाकून बघत होती.

गाणं सगळ्यांना येतंच, म्हणून ते शेवटी. 'वॉल्टझिंग मटिल्डा' हे स्वॅगमॅनचं गाणं कवी बँजो पॅटरसनने १८९५ मध्ये क्वीन्सलँडमधल्या विंटनजवळ, डॅगवर्थ स्टेशनवर लिहिलं. चाल क्रिस्टिना मॅकफर्सनने ऐकवली होती. आदल्याच वर्षी, लोकर कातरणाऱ्यांच्या १८९४ च्या संपात, त्या स्टेशनची लोकर कातरायची शेड जाळली गेली होती आणि सॅम्युएल हॉफमाइस्टर नावाचा संपकरी जवळच गोळी लागून मेलेला सापडला होता. बरेच अभ्यासक गाण्याचा धागा तिथे जोडतात. १९०३ मध्ये एका चहाच्या कंपनीने जाहिरातीसाठी गाण्याची नवी आवृत्ती छापली. गाण्यातला स्वॅगमॅन 'आनंदी' झाला तो या आवृत्तीत. पॅटरसनच्या मूळ शब्दांत तो नुसता स्वॅगमॅन आहे. मी मुलांना दोन्हींतली पहिली ओळ म्हणून दाखवते आणि फरक कानाने पकडायला सांगते. गाण्यातला 'बिलबाँग', म्हणजे नदीपासून तुटून राहिलेला डोह, हा शब्द विराजुरी या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला, तेही इथेच सांगून टाका. स्वॅगमॅन ज्या वाटांनी चालला त्या जमिनीवर माणसं हजारो वर्षं आधीपासून राहत होती. आम्ही बसतो ती जमीन जा जा वुरुंग लोकांची.

पहिल्याच वर्षी माझ्या मुलाने विचारलं होतं, "आई, त्या वाटेवर आपल्यासारखं दिसणारं कोणी होतं का?" मला उत्तर येत नव्हतं, मी शोधलं. होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पंजाब आणि सिंधकडचे फेरीवाले व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या खेड्यापाड्यांतून फिरत होते. काही पायी, पाठीवर कापडचोपडाचं गाठोडं घेऊन, पैसे साठले की घोडागाडी. शेतांवरच्या एकट्या पडलेल्या बायका त्यांची वाट बघत. १९०१ च्या, गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येऊ न देणाऱ्या कायद्याने नव्यांना दार बंद झालं. ते स्वॅगमॅन नव्हते, विकायला माल घेऊन हिंडणारे व्यापारी होते. पण धूळ तीच आणि मावळतीला दार ठोठावणंही तेच. हे मी कधीच गाळत नाही.

गोष्ट संपली की मुलं वळकटी सोडून आपापली पत्रं काढतात. ज्याला वाचायचं त्याने मोठ्याने वाचावं, ज्याला नको त्याने परत घडी घालावी. जबरदस्ती करू नका.

घरी आल्यावर वळकटी तशीच कोपऱ्यात टाकू नका. दव पडलेला कॅनव्हास दुसऱ्या दिवशी उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते. ब्लँकेटं झटकून वाऱ्यावर. चामडी पट्ट्यांना थोडं तेल, आणि ठेवताना बकल सैल. बिली बाहेरून घासू नका. काळी बिली लवकर तापते, आणि आजोबांनी आम्हाला दिलेली बिली तर त्यांच्या वडिलांच्या विस्तवांनी काळी झालेली आहे. ती आम्ही फक्त आतून धुतो.